सुक्याबरोबर ओलं जळू नये म्हणून: एफएमआरआयमधला संथ गोंगाट गाळताना

एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनच्या, फाइलमधला एखादा व्हॉक्सेल (प्रतिमेतला एक चिमुकला ठोकळा) उचलून त्याचा वेळेनुसार आलेख पहिल्यांदा काढला की बहुतेकांचा हिरमोड होतो. पुस्तकात दाखवलेले नेटके चढ-उतार कुठेच नसतात. रेघ हळूहळू वर चढते, मध्येच झोका घेतल्यासारखी वाकते, शेवटाकडे पुन्हा उतरते. आपण स्कॅनरमधल्या माणसाला चित्रं दाखवली तेव्हाची खूण त्या वळणांत शोधून सापडत नाही. ही संथ वळणं म्हणजे ड्रिफ्ट. ती काढण्यासाठी हाय-पास फिल्टर लावतात: जलद बदल पुढे जाऊ द्यायचे, संथ बदल अडवायचे.

सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम एका खोक्यात एक आकडा टाकून होतं, आणि धोका तिथेच आहे. गोंगाट कुठला आणि सिग्नल कुठला हे फिल्टरला कळत नाही, त्याला फक्त संथ आणि जलद कळतं. तुमच्या प्रयोगाची लयच संथ असेल तर सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. म्हणून बटण दाबण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसायचं आहे. त्या बसण्यावर मी खाली बराच वेळ घालवणार आहे, बटणावर कमी.

हा गोंगाट येतो कुठून

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आठवा. दिवसभर चालून तापला की रिकामा असतानाही तो शून्यावर राहत नाही, दोन-पाच ग्रॅम सरकतो. स्कॅनरचंही तसंच होतं. इमेजिंग चालू असताना ग्रेडियंट कॉइल तापतात, चुंबकक्षेत्र एकसारखं करण्यासाठी बसवलेले लोखंडी शिमचे तुकडे तापतात, आणि क्षेत्र किंचित सरकत राहतं. मेंदूच्या कामामुळे सिग्नलमध्ये होणारा बदल ३ टेस्लाच्या यंत्रावरही जेमतेम १ ते ३ टक्क्यांचा, त्यामुळे यंत्राचा हा सरकलेला शून्य त्याला सहज झाकून टाकतो.

सुरुवातीला अनेकांना वाटायचं की हा ड्रिफ्ट मुख्यतः जिवंत शरीरातून येतो. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांबरोबर फँटम, म्हणजे यंत्र तपासायचे नमुने, आणि चक्क मृतदेहही स्कॅन केले गेले. ड्रिफ्ट त्यांच्यातही दिसला, तेव्हा मोठा वाटा यंत्राचाच हे स्पष्ट झालं. शरीराचा वाटा नसतो असं मात्र नाही. डोकं उशीत मिलिमीटरच्या अंशांनी खचत जातं, श्वासाची खोली बदलते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वर-खाली होतो, आणि विसाव्या मिनिटाला माणूस पेंगायला लागतो. हे सगळं संथच.

या गोंगाटाचं एक वैशिष्ट्य म्हणजे लाट जितकी संथ तितका तिचा जोर जास्त. म्हणून काही सेकंदांच्या लाटांपेक्षा काही मिनिटांच्या लाटा आपल्याला जास्त छळतात.

सरावासाठी डेटा

स्वतःचा स्कॅनर कुणाकडेच नसतो, आणि स्कॅनची वेळ महाग असते. शिकायला मोफत खुले डेटासंच पुरतात. मी इथे हॅक्सबी डेटासंच घेते. जेम्स हॅक्सबी आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा हा डेटा पायथनच्या नायलर्न या लायब्ररीतून एका ओळीत उतरवता येतो. लोकांना चेहरे, घरं, मांजरं, खुर्च्या, बूट, बाटल्या, कात्र्या आणि अर्थहीन चित्रं अशी आठ प्रकारची चित्रं दाखवली होती. टीआर २.५ सेकंद, म्हणजे दर अडीच सेकंदांनी संपूर्ण मेंदूचं एक व्हॉल्यूम. एका रनमध्ये, म्हणजे एका सलग स्कॅनमध्ये, १२१ व्हॉल्यूम, म्हणजे ३०२.५ सेकंद.

फाइल उघडल्यावर पहिला खड्डा लगेच दिसेल. दुसऱ्या क्रमांकाच्या व्यक्तीची फाइल १४५२ व्हॉल्यूमची आहे, कारण बाराही रन एकामागे एक जोडून ठेवलेले आहेत. ही एक लांबलचक नोंद समजून फिल्टर लावलात तर प्रत्येक सांध्यावर सिग्नल पायरीसारखा उडी मारतो, आणि त्या उडीचे तरंग फिल्टर दोन्ही बाजूंच्या चांगल्या व्हॉल्यूममध्ये पसरवतो. सोबतच्या लेबलच्या फाइलमध्ये कुठलं व्हॉल्यूम कुठल्या रनचं ते दिलेलं असतं. त्यानुसार तुकडे करा आणि प्रत्येक रन स्वतंत्रपणे गाळा. रन जोडायचे असतील तर ते नंतर.

टीआर स्वतः पडताळा

ही पायरी दोन मिनिटांची आहे आणि मला तिने एकदा दोन दिवस रडवलं आहे.

फिल्टरला सेकंद कळत नाहीत, व्हॉल्यूम कळतात. कटऑफ, म्हणजे ज्याहून संथ लाटा अडवायच्या ती मर्यादा, १२८ सेकंदांचा ठेवला तर ते किती व्हॉल्यूम हे टीआरवरून ठरतं. निफ्टी (मेंदूच्या प्रतिमांचा नेहमीचा फॉरमॅट) फाइलच्या हेडरमध्ये टीआर लिहिलेला असतो, पण फॉरमॅट बदलताना तो १ होऊन बसतो, कधी शून्य होतो, कधी मिलिसेकंदांत जातो. तेव्हा हेडर, स्कॅनची माहिती असलेली सोबतची जेसन फाइल आणि स्कॅनच्या दिवशी केलेली नोंद या तिन्ही ठिकाणचा आकडा जुळतो का ते बघा.

माझं काय झालं ते सांगते. बोटं आपटण्याचा साधा टास्क होता: तीस सेकंद बोटं आपटायची, तीस सेकंद स्वस्थ पडायचं. टीआर ०.८ सेकंद. गाळणीची स्क्रिप्ट मी जुन्या प्रकल्पातून जशीच्या तशी उचलली आणि पुढचं जीएलएम, म्हणजे टास्कचं मॉडेल डेटावर बसवण्याचं गणित, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. हात हलवल्यावर मोटर कॉर्टेक्स (मेंदूतला हालचालीचा भाग) पेटत नसेल तर काहीतरी भयंकर बिघडलंय हे शेंबडं पोरही सांगेल, आणि माझा नकाशा जवळजवळ काळा होता. मी डोक्याची हालचाल तपासली, रजिस्ट्रेशन (प्रतिमा एकमेकींवर जुळवणं) तपासलं, डावं-उजवं उलटं झालंय का तेही पाहिलं. तिसऱ्या दिवशी आमच्यातला एक दादा मागे येऊन उभा राहिला. स्क्रिप्टच्या अकराव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “अगं, हा टीआर दोन कुणाचा?”

जुन्या प्रकल्पाचा. स्क्रिप्टने १२८ सेकंद म्हणजे ६४ व्हॉल्यूम असा हिशेब केला होता. माझ्या डेटात ६४ व्हॉल्यूम म्हणजे ५१.२ सेकंद. माझ्या टास्कची लाट ६० सेकंदांची. ५१ सेकंदांपेक्षा संथ ते सगळं गाळणीने बाहेर फेकलं, आणि त्यात माझा प्रयोगच गेला. तेव्हापासून मी टीआरचा आकडा स्क्रिप्टमध्ये हाताने लिहीत नाही. जेसन फाइलमधून वाचून घेते आणि तो पडद्यावर छापायला लावते.

प्रयोगाची लय कागदावर काढा

आता कागद घ्या. रनची वेळ आडव्या रेघेवर मांडा आणि प्रत्येक कंडिशनचे (चेहरे, घरं, विश्रांती अशा प्रत्येक प्रकाराचे) ब्लॉक तिच्यावर काढा. मग स्वतःला विचारा: मला ज्या दोन गोष्टींची तुलना करायची आहे, ती तुलना किती सेकंदांनी पुन्हा पहिल्या जागी येते?

प्रश्न तुलनेचा आहे, ब्लॉकचा नाही, आणि नवखे लोक हमखास इथेच घसरतात. समजा, तीस सेकंद चेहरे, तीस सेकंद विश्रांती, तीस सेकंद घरं, तीस सेकंद विश्रांती, असं चक्र आहे. ‘चित्र विरुद्ध विश्रांती’ ही तुलना दर ६० सेकंदांनी परत येते. पण ‘चेहरे विरुद्ध घरं’ ही तुलना? चेहऱ्यांनंतर पुन्हा चेहरे येईपर्यंत १२० सेकंद जातात, त्यामुळे तिची लाट १२० सेकंदांची. अशा आकाराच्या लाटेची चार पंचमांश ताकद तिच्या मूळ वारंवारतेत असते, आणि रक्तप्रवाहाचा प्रतिसाद मुळातच आळशी असल्यामुळे (चढायला पाच-सहा सेकंद, पूर्ण ओसरायला वीस) उरलेली बारीक टोकंही बोथट होतात. आता १०० सेकंदांवर धारदार कटऑफ लावला तर ‘चित्र विरुद्ध विश्रांती’चा नकाशा झकास येईल, सगळे खूश होतील, आणि ‘चेहरे विरुद्ध घरं’मध्ये काहीच सापडणार नाही. मग निष्कर्ष लिहिला जातो की दोन कंडिशनमध्ये फरक आढळला नाही.

ढोबळ नियम असा की कटऑफ हा सर्वांत संथ तुलनेच्या लाटेच्या निदान दुप्पट सेकंदांचा असावा. वरच्या चक्रासाठी २४० सेकंद. पण २४० सेकंदांची गाळणी इतकी विरळ होते की बराचसा ड्रिफ्ट तिच्यातून निसटतो. म्हणजे दुखणं गाळणीचं नाही, प्रयोगाच्या आखणीचं आहे. स्कॅन अजून व्हायचे असतील तर ब्लॉक १५-२० सेकंदांचे करा आणि कंडिशनचा क्रम मिसळा.

हॅक्सबीच्या डेटाला हेच लावून बघू. प्रत्येक ब्लॉक २४ सेकंदांचा, दोन ब्लॉकच्या मध्ये १२ सेकंदांची विश्रांती, आणि आठही प्रकार एका रनमध्ये एकेकदाच. ‘चित्र विरुद्ध विश्रांती’ दर ३६ सेकंदांनी येते, तिला कुठल्याही नेहमीच्या फिल्टरचं भय नाही. चेहरे मात्र पाच मिनिटांत एकदाच येतात. दुपटीचा नियम पाळायचा तर कटऑफ ६०० सेकंद, म्हणजे फिल्टर न लावल्यातच जमा. एकच ब्लॉक असला की त्याची ताकद अनेक वारंवारतांत पसरलेली असते, त्यामुळे सगळं जात नाही, पण काही ना काही जातंच. मी साधा चौकोनी ब्लॉक धरून हिशेब केला: १२८ सेकंदांच्या कटऑफने सरासरी एक तृतीयांश व्हेरिअन्स (चढ-उतारांची ताकद) जातो, १०० सेकंदांनी जवळपास निम्मा. ब्लॉक रनच्या सुरुवातीला पडला की मध्यावर, यावर हे आकडे थोडे हलतात. चेहरे आणि घरं यांच्यातला फरक मेंदूत इतका ठळक आहे आणि रन बारा आहेत, म्हणून तरीही निभावतं. इथे मी १२८ ठेवते, १०० नाही. तुमचा परिणाम बारीक असेल आणि रन दोनच असतील तर निभावणार नाही.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवा. ज्यांचा प्रश्नच संथ आहे, उदाहरणार्थ औषध दिल्यानंतर अर्ध्या तासात मेंदू कसा बदलतो, किंवा वीस मिनिटांच्या सरावात शिकणं कसं घडतं, त्यांचा सिग्नल आणि ड्रिफ्ट एकाच घरात राहतात. कुठलाही फिल्टर त्यांना वेगळं करू शकत नाही. तिथे औषधाऐवजी सलाइन दिलेला तुलनेचा गट किंवा दुसऱ्या पद्धतीचं इमेजिंग लागतं.

डोळ्यांनी बघा

कागद झाला की डेटा. सगळ्या मेंदूची सरासरी, पांढऱ्या द्रव्याची सरासरी आणि टास्कच्या भागातले पाच-सहा व्हॉक्सेल, असे मोजके आलेख काढा. मग प्रत्येकाचा फूरियर स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वेगाच्या लाटेत किती जोर आहे त्याचा आलेख. एका रनचा स्पेक्ट्रम ०.००३३ हर्ट्झच्या पायऱ्यांनी मिळतो (१ भागिले ३०२.५) आणि ०.२ हर्ट्झपाशी संपतो, कारण अडीच सेकंदांनी एकदा मोजलं तर त्याहून जलद लाट ओळखता येत नाही. डाव्या टोकाला उंच डोंगर आणि उजवीकडे सपाट माळ असं चित्र जवळपास नेहमीच दिसतं. डोंगर कुठे संपतो ते बघा आणि कागदावरच्या लयी त्याच पट्टीवर खुणा करून ठेवा. तुमची खूण डोंगराच्या पायथ्यापासून दूर माळावर असेल तर निवांत व्हा. डोंगरावरच असेल तर वरचा भाग पुन्हा वाचा.

सुरुवातीची काही व्हॉल्यूम बाकीच्यांपेक्षा खूपच उजळ दिसली तर ती आधी काढा. चुंबकत्व स्थिर होण्याआधीची ती व्हॉल्यूम असतात. बरेच स्कॅनर ती स्वतःच फेकून देतात, पण सगळे नाही. ती राहिली तर पहिल्या टोकाशी फिल्टर गडबडतो.

आकडा एक, अर्थ चार

प्रत्येक सॉफ्टवेअरची गाळायची रीत निराळी, आणि एका सॉफ्टवेअरमधला १०० दुसऱ्यातला १०० नसतो. एकच रन, १२१ व्हॉल्यूम, टीआर २.५ सेकंद, चार प्रचलित सॉफ्टवेअरना दिला तर काय होतं ते बघा.

एसपीएम मूळ सेटिंगमध्ये १२८ सेकंद धरतं आणि तितक्या संथ कोसाइन लाटांचा एक संच तयार करतं. किती लाटा? रनच्या लांबीची दुप्पट भागिले कटऑफ, आणि त्यातला पूर्णांक: ६०५ भागिले १२८, म्हणजे ४. या चार वळणांत जे जे बसतं ते डेटातून आणि मॉडेलमधून, दोन्हींतून काढलं जातं.

नायलर्नच्या पहिल्या पातळीच्या मॉडेलमध्येही कोसाइनच आहेत, पण कटऑफ हर्ट्झमध्ये द्यायचा असतो आणि मूळ आकडा ०.०१, म्हणजे १०० सेकंद. त्याच डेटावर ६ लाटा. सेकंद आणि हर्ट्झ यांची गल्लत इथे फार होते. कुणीतरी खरोखरच हर्ट्झच्या खोक्यात १२८ टाकतं.

आफ्नी बहुपदी वापरतं. त्याचा नियम: १ अधिक, रनचे सेकंद भागिले १५० यातला पूर्णांक. आपल्या रनला तिसऱ्या घाताची बहुपदी मिळते, म्हणजे सरळ उतार, एक कमान आणि एक एस-आकाराचं वळण.

एफएसएलची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. ते प्रत्येक क्षणाभोवती घंटेच्या आकाराचं वजन लावून एक स्थानिक रेघ बसवतं आणि ती वजा करतं. त्याच्या फीट या विश्लेषणाच्या भागात मूळ कटऑफ १०० सेकंद. आतमध्ये त्याचा सिग्मा (घंटेची रुंदी) होतो कटऑफ भागिले टीआरची दुप्पट, म्हणजे इथे २० व्हॉल्यूम, ५० सेकंद. आता घंटेचं गणित मांडलं तर १०० सेकंदांची लाट यातून जवळपास जशीच्या तशी सुटते, आणि अर्धी कापली जाते ती सुमारे २७० सेकंदांची लाट. कटऑफपाशी कोसाइनसारखी भिंत नाही, लांब उतार आहे. म्हणून चेहरे-घरांच्या १२० सेकंदांच्या चक्राला नायलर्नमधला १०० गिळतो आणि एफएसएलमधला १०० फारसा धक्का लावत नाही. प्रबंधात ‘१०० सेकंदांचा हाय-पास फिल्टर लावला’ एवढंच लिहून भागत नाही ते यामुळे. सॉफ्टवेअरचं नाव आणि रीत लिहाच.

एफएसएल हाताने चालवणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. एफएसएलमॅथ्स या कमांडच्या बीपीटीएफ या पर्यायाला सेकंद नाही, व्हॉल्यूममधला सिग्मा हवा असतो. दुसरा आकडा लो-पासचा (जलद बदल अडवण्याचा), तो नको असेल तर उणे १. आणि ५.०.७ या आवृत्तीपासून हा पर्याय सिग्नलची सरासरीही काढून टाकतो. मग मेंदूची प्रतिमा शून्याभोवती येते, पुढच्या पायरीला मेंदू कुठे आहे हेच कळत नाही, टक्केवारीतला बदल काढताना शून्याने भागायची वेळ येते. आधी सरासरीची प्रतिमा वेगळी काढून ठेवा आणि गाळल्यावर ती डेटात परत मिळवा.

क्रम

डेटा गाळला आणि मॉडेल गाळलंच नाही, ही दुसरी मोठी चूक. डेटातून संथ वळणं गेली, पण टास्कच्या रिग्रेसरमध्ये (अपेक्षित सिग्नल मांडणाऱ्या मॉडेलमधल्या स्तंभात) ती तशीच आहेत, तर दोघं जुळणार कसे? एसपीएम हे आपोआप करतं. फीटमध्ये प्रत्येक रिग्रेसरसमोर टेम्पोरल फिल्टरिंगची खूण असते, ती काढू नका.

सर्वांत सोपी आणि सुरक्षित रीत म्हणजे वेगळी गाळणीची पायरीच न ठेवणं. कोसाइन लाटा, डोक्याच्या हालचालीचे सहा आकडे आणि टास्क, सगळे एकाच डिझाइन मॅट्रिक्समध्ये, म्हणजे मॉडेलच्या तक्त्यात, शेजारी-शेजारी ठेवा आणि एकदाच रिग्रेशन करा. पायऱ्या सुट्या केल्या की एका पायरीने काढलेला कचरा दुसरी पायरी परत आणू शकते: आधी संथ लाटा काढल्या, मग न गाळलेले हालचालीचे आकडे वजा केले, की त्या आकड्यांमधल्या संथ लाटा पुन्हा डेटात शिरतात. अंगण झाडून झाल्यावर छपराची जळमटं काढण्यासारखं आहे हे. मार्टिन लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये हा मुद्दा गणिताने मांडला, तोवर आपल्यातले बरेच जण निर्धास्तपणे हेच करत होते.

एफएमआरआयप्रेप (डेटा विश्लेषणासाठी तयार करून देणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: ते तुमचा डेटा हाय-पासने गाळून देत नाही. कनफाउंडच्या (गोंगाटाच्या स्तंभांच्या) तक्त्यात कोसाइनच्या नावाचे स्तंभ देतं, ते मॉडेलमध्ये घेणं तुमच्याकडे. कॉम्पकॉरचे (गोंगाट ओळखण्याची एक रीत, शेवटी येईल) स्तंभ घेत असाल तर कोसाइनही घ्यावेच लागतात, कारण कॉम्पकॉरचे घटक संथ लाटा काढून मग मोजलेले असतात. आणि कोसाइन मॉडेलमध्ये घेतल्यावर सॉफ्टवेअरचा स्वतःचा ड्रिफ्टचा पर्याय बंद करा, नाहीतर तीच गोष्ट दोनदा होते.

डोकं झटकन हललेलं एखादं व्हॉल्यूम असेल तर ते फिल्टरच्या आधी हाताळायला हवं. आलेखात ते भाल्यासारखं टोक दिसतं. फिल्टरमधून गेलं की त्या टोकाचे तरंग शेजारच्या व्हॉल्यूमपर्यंत पोचतात, आणि मग खराब व्हॉल्यूम काढूनही उपयोग नसतो. एकत्रित मॉडेलमध्ये अशा प्रत्येक व्हॉल्यूमला स्वतंत्र स्तंभ दिला की प्रश्न मिटतो.

गाळून झाल्यावरची चाचणी

नकाशा बघण्याआधी हे करा. तुम्हाला हवी ती तुलना रिग्रेसर म्हणून घ्या, उदाहरणार्थ चेहऱ्यांचा रिग्रेसर वजा घरांचा. मग डेटा बाजूला ठेवून हा रिग्रेसर फक्त कोसाइन लाटांवर बसवा आणि आर-स्क्वेअर काढा. तो आकडा म्हणजे फिल्टर तुमच्या प्रयोगाचा किती भाग खाणार ते. पायथनमध्ये हे चार ओळींचं काम आहे आणि स्कॅन होण्याआधीही करता येतं, कारण याला मेंदूचा डेटा लागतच नाही. १० टक्क्यांच्या आत असेल तर मी पुढे जाते. २० ओलांडलं की कटऑफ सैल करते किंवा आखणी बदलते. हॅक्सबीचा आकडा या हिशेबाने नापास होतो हे वर पाहिलंच. गाजलेला डेटा आहे म्हणून सगळ्या कामांना सारखाच सोयीचा असेल असं नाही.

त्यानंतर मॉडेल बसवून उरलेल्या अवशेषांचा आलेख काढा. अजूनही संथ कमान दिसते? कटऑफ फार सैल आहे. टास्कच्या लयीत खळगे दिसतात? टास्कचं मॉडेल चुकलं आहे. कटऑफ दोन-तीन वेगवेगळे लावून नकाशा किती बदलतो ते बघायला हरकत नाही, पण त्यातला सर्वांत रंगीत नकाशा निवडून तोच कटऑफ लिहायचा, हे करू नका. आकडा कागदावरच्या लयीवरून ठरतो, नकाशावरून नाही.

विश्रांतीच्या स्कॅनचं काय

इथे सगळंच उलटं फिरतं. भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये दाखवलं की माणूस काहीही न करता पडून असतानाही मेंदूच्या डाव्या आणि उजव्या मोटर भागांतला सिग्नल एका तालात हेलकावतो, आणि तो ताल ०.१ हर्ट्झपेक्षा संथ असतो. तोवर ज्याला गोंगाट समजून बाजूला सारत होते त्यातच सिग्नल निघाला. म्हणून विश्रांतीच्या डेटात ०.०१ ते ०.१ हर्ट्झचा पट्टा ठेवायची प्रथा पडली. खालची बाजू जपून कापा. ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पाने विश्रांतीच्या डेटासाठी २००० सेकंदांचा अत्यंत सैल फिल्टर वापरला, तो आकडा त्यांच्या फाइलींच्या नावातच दिसतो. टास्कसाठी त्यांनीच २०० सेकंद घेतले.

वरची बाजू कापण्याची किंमत मात्र लोक मोजत नाहीत. टीआर २ सेकंद असेल तर स्पेक्ट्रम ०.२५ हर्ट्झपर्यंत जातो. त्यातला ०.०१ ते ०.१ एवढाच पट्टा ठेवला तर ३६ टक्के माहिती उरते. २०० व्हॉल्यूमचा डेटा हिशेबात ७२चा होतो, आणि तरी दोन भागांतल्या सहसंबंधाची पी-किंमत २०० धरूनच काढली जाते.

फिल्टरच्या हातात नसलेलं

हॅक्सबीच्या टीआरवर, म्हणजे अडीच सेकंदांवर, मिनिटाला २४ व्हॉल्यूम होतात. समजा स्कॅनरमधल्या माणसाची नाडी मिनिटाला ७३ आहे. ७३ म्हणजे तीन वेळा २४ अधिक १. लागोपाठच्या दोन व्हॉल्यूमच्या मध्ये हृदयाचे तीन पूर्ण ठोके होतात आणि चौथ्याचा एक चोविसावा भाग. कॅमेऱ्यात गाडीचं चाक हळूहळू फिरताना दिसतं तसं, ते जलद ठोके आपल्या डेटात ६० सेकंदांची एक संथ लाट होऊन उतरतात. नाडी ७४ झाली तर ३० सेकंदांची. प्रत्यक्षात नाडी डुलत राहते, त्यामुळे ही लाट एका जागी न बसता पसरते, पण पसरते ती नेमकी टास्कच्या पट्ट्यात. १२८ सेकंदांची गाळणी तिला हात लावत नाही, आणि गाळणी घट्ट केली तर टास्क जातो.

यावरचे उपाय वेगळे आहेत: नाडी आणि श्वासाच्या नोंदीवरून हिशेब करणारं रेट्रोआयकॉर, किंवा नोंद नसेल तर पांढऱ्या द्रव्यातून आणि मेंदूभोवतीच्या द्रवातून गोंगाट ओळखणारं कॉम्पकॉर. पहिल्यासाठी स्कॅनच्या वेळी बोटाला नाडीची क्लिप आणि पोटावर श्वासाचा पट्टा बांधलेला असावा लागतो. माणूस टेबलावर आडवा झाला की तंत्रज्ञाला घाई असते, तेव्हा हे दोन्ही लावायला तुम्हीच आठवण करा, आणि नोंदीची फाइल खरोखर साठते आहे ना, ते पहिला रन संपताच उघडून बघा.